मिरॉडिनमधील टँगल: तांब्याचे जंगल बाधित झाले, हे खेळ आपल्याला कसे दाखवतो?

ताम्रपर्ण

कल्पनारम्य खेळांमध्ये बाधित जंगल दाखवायचे असेल तर चित्रकाराचे काम सहसा सोपे असते. पाने काळी केली, खोडांना गाठी आणल्या, जमिनीतून जांभळा धूर काढला, की पाहणाऱ्याला लगेच कळते की येथे काहीतरी बिघडले आहे. ही युक्ती चालते, कारण निरोगी झाड कसे दिसते हे आपल्या डोळ्यांना आधीच ठाऊक असते. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातील मिरॉडिन या जगात मात्र ही सोय नाही. तेथे सगळी सृष्टीच धातूची आहे. गवताच्या जागी धारदार पाती आहेत, समुद्र पाऱ्यासारखा आहे, डोंगर लोखंडाचे आहेत आणि टँगल नावाचे जे घनदाट रान आहे त्यातील झाडे तांब्याची आहेत. तेथे राहणाऱ्या एल्फ लोकांच्या अंगातही धातू आहे, आणि त्यांना त्यात वावगे काही वाटत नाही.

म्हणजे अन्य कोणत्याही खेळात ज्या रानाला आपण ‘यंत्रांनी गिळलेले रान’ म्हटले असते, तेच येथे निरोगी रान आहे. अशा रानाला बाधा झाली, तर ती ओळखायची कशावरून, हा या धाग्याचा विषय आहे.

माझे म्हणणे असे, की टँगलची बाधा चित्रांपेक्षा खेळाच्या नियमांत जास्त स्पष्ट दिसते, आणि तशी ती दिसावी ही निर्मात्यांची जाणीवपूर्वक केलेली निवड असावी. चित्रांची अडचण रसायनशास्त्रातच आहे. तांबे उघड्यावर राहिले, त्याला ओलावा आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड मिळाला, की त्यावर हिरवा कळंक चढतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतले लोखंड पुन्हा हवेला उघडे पडते. तांब्यावरचा तो हिरवा थर मात्र धातूला घट्ट धरून बसतो आणि खालच्या तांब्याची झीज मंदावतो. टँगलचा हिरवेपणा हा असा आहे. तो पानांतल्या हरितद्रव्यातून नव्हे, तर धातूवर चढलेल्या कळंकातून येतो. आपल्या नेहमीच्या नजरेला जी सडण्याची खूण वाटेल, ती तेथे झाडाची साल आहे. मग चित्रकाराने बाधा दाखवण्यासाठी आणखी काय चढवायचे?

फिरेक्सियन म्हणजे इतर जीवांना आपल्यासारखे यंत्रमय करणारे आक्रमक. त्यांचे चकाकते तेल काळे आहे, ते झिरपते, आणि ज्याला लागेल त्याला आतून बदलते. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ‘स्कार्स ऑफ मिरॉडिन’ या संचात ते तेल चित्रांत दिसते खरे, परंतु तांब्याच्या झाडावर काळे ओघळ दिसले तर ती बाधा आहे की नुसती सावली, हे तळहाताएवढ्या चित्रात सांगणे कठीण असते. पत्त्याच्या खालच्या भागात ‘इन्फेक्ट’ हा शब्द दिसला, की शंका उरत नाही.

हे ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या लढतीत क्रीचरला, म्हणजे लढणाऱ्या जीवाच्या कार्डाला, झालेली इजा ती पाळी संपताना पुसली जाते. इन्फेक्ट असलेल्या क्रीचरने केलेली इजा पुसली जात नाही. ती ताकद आणि टफनेस (टिकाव) एकेकाने कमी करणाऱ्या उणे एक, उणे एक अशा काउंटरांच्या (खुणेच्या सोंगट्यांच्या) रूपाने अंगावर राहते. खेळाडूला झालेली इजा त्याच्या वीस आयुष्यांतून वजा होत नाही, तर विषाचे काउंटर देते, आणि असे दहा काउंटर झाले की तो खेळाडू हरतो. ‘स्कार्स’मध्ये ही क्षमता कार्डांच्या पाच रंगांपैकी मुख्यतः काळ्या आणि हिरव्या रंगाला, तसेच काही आर्टिफॅक्टांना, म्हणजे यंत्रे-वस्तूंच्या कार्डांना, दिली होती. काळ्या रंगाला ती शोभतेच. हिरव्याला, म्हणजे टँगलला, पहिल्याच फेरीत ती का दिली गेली असेल, यावर इतरांचे मत वाचायला आवडेल.

रानवाटा

धागा आवडला. शेवटच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे, की हिरव्या रंगाला बाधा करण्यासाठी त्याला नवीन काही शिकवावे लागत नाही.

हिरव्याची सर्वांत जुनी ताकद म्हणजे क्रीचरला क्षणभर फुगवणे. ‘जायंट ग्रोथ’ हे कार्ड १९९३ च्या अगदी पहिल्या संचापासून आहे. एका हिरव्या मानामध्ये (माना म्हणजे कार्ड खेळण्यासाठी मोजायची शक्ती) ते क्रीचरच्या ताकदीत आणि टफनेसमध्ये अधिक तीन, अधिक तीन देते. साध्या डावात हे तीन गुण विसातून जातात. इन्फेक्ट असलेल्या क्रीचरवर तेच कार्ड टाकले तर ते तीन गुण दहातून जातात. कार्डावरील एक अक्षरही बदललेले नाही, तरी त्याची धार दुप्पट झालेली आहे. ‘न्यू फिरेक्सिया’मधील ‘ग्लिस्टनर एल्फ’ हे एका मानाचे, एक-एक ताकदीचे किरकोळ क्रीचर मॉडर्न स्वरूपात (अनेक वर्षांचे संच चालणाऱ्या खेळप्रकारात) इतके भीतीदायक ठरले, ते याच कारणाने. रान जसे वाढते तसेच ते वाढते, फक्त वाढीचे टोक आता दुसरीकडे वळलेले असते.

याच संचातील ‘म्युटाजेनिक ग्रोथ’ही पाहावे. ते क्रीचरला अधिक दोन, अधिक दोन देते, म्हणजे ‘जायंट ग्रोथ’चेच धाकटे भावंड आहे, पण त्याची किंमत फिरेक्सियन मानामध्ये आहे, हिरवा माना द्या किंवा त्याऐवजी दोन आयुष्ये द्या. रानाची वाढ हवी, परंतु त्यासाठी एकही जंगल जवळ असण्याची गरज नाही. बाधा म्हणजे काय, हे मला त्या एका किमतीत जितके समजले तितके कोणत्याही चित्रात समजले नाही.

पत्तेवाली

दोन जोड्या शेजारी ठेवून पाहाव्यात, असे सुचवते. मूळ मिरॉडिन संचातील ‘व्हिरिडियन शामन’ हे तीन मानांचे, दोन-दोन ताकदीचे एल्फ आहे आणि ते मैदानात येताच एक आर्टिफॅक्ट नष्ट करते. २०११ च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘मिरॉडिन बिसीज्ड’मधील ‘व्हिरिडियन करप्टर’ हेही तीन मानांचे, दोन-दोन ताकदीचे एल्फ आहे आणि तेही येताच एक आर्टिफॅक्ट नष्ट करते. फरक एवढाच, की दुसऱ्याला इन्फेक्ट आहे आणि त्याच्या किमतीत हिरव्याचा वाटा एकाऐवजी दोन झाला आहे. म्हणजे बाधित झाल्यावर ते अधिक हिरवे झाले आहे! हा तपशील मुद्दाम ठेवलेला असो वा नसो, माझ्या मते तो ‘रानवाटा’ यांच्या म्हणण्याला पुष्टी देतो.

दुसरी जोडी ग्लिसाची. २००३ मधील ‘ग्लिसा सनसीकर’ टँगलची रक्षक आहे, आणि तिची क्षमता आर्टिफॅक्ट नष्ट करण्याची आहे. ‘बिसीज्ड’मधील ‘ग्लिसा, द ट्रेटर’ हिची क्षमता याच्या बरोबर उलट आहे. प्रतिस्पर्ध्याचे क्रीचर मेले, की ती आपल्या ग्रेव्हयार्डमधून (बाद पत्त्यांच्या ढिगातून) आर्टिफॅक्ट परत हाती देते. दोन्ही कार्डांवर ‘फर्स्ट स्ट्राइक’, म्हणजे आधी घाव घालण्याची क्षमता, मात्र कायम आहे. तिचा हात तोच, चपळाई तीच आहे. ती कोणासाठी वापरली जाते, तेवढेच बदलले आहे.

नवशिका

मी हा खेळ खेळलेलो नाही, पण अशा जगांच्या कथा आवडीने वाचतो. ज्या रानात सगळेच धातूचे आहे तेथे आर्टिफॅक्ट नष्ट करणारे एल्फ कशासाठी असतात? ते आपलीच झाडे तोडत नाहीत का?

पत्तेवाली

प्रश्न रास्त आहे. टँगलच्या रहिवाशांच्या दृष्टीने जे आपोआप वाढते ते रान, मग ते तांब्याचे का असेना. आणि जे कोणीतरी घडवून पाठवले आहे ते यंत्र. खेळाच्या नियमांतही हा भेद पाळलेला आहे. टँगलचे साधे जंगल हे लँड (माना देणारी जमीन) आहे, आर्टिफॅक्ट नाही, त्यामुळे ‘व्हिरिडियन शामन’ला त्याला हात लावता येत नाही. अपवाद तेल-जिलाद या कथावृक्षाचा. ‘ट्री ऑफ टेल्स’ हे कार्ड लँडही आहे आणि आर्टिफॅक्टही, म्हणून रानातल्या सर्वांत पूज्य झाडावर रानाच्याच शामनचा घाव बसू शकतो.

जुना गडी

चर्चा चांगली चालली आहे. पण मूळ गृहीतकालाच माझी हरकत आहे. ‘निरोगी टँगल’ असे काही कधी होते का?

या जगाचा इतिहास पाहा. ते मुळात अर्जेंटम नावाचे जग होते. कार्न या रुपेरी गोलेमने ते घडवले होते आणि त्याच्या देखभालीसाठी मेम्नार्कला नेमले होते. कार्नच्या अंगावरून त्याच्याही नकळत फिरेक्सियन तेल तेथे पोहोचले होते. त्यातून मायकोसिंथ नावाची बुरशीसारखी वाढ जगाच्या पोटात पसरली, जी धातूचे मांस करते आणि मांसाचा धातू. मेम्नार्कला स्वतःच्या धातूच्या देहावर मांस उगवताना दिसले आणि तो भ्रमिष्ट होत गेला. मिरॉडिनचे रहिवासी म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्यांच्या पूर्वजांना त्यानेच इतर जगांमधून आत्म्यांच्या सापळ्यांत पकडून आणले होते. त्या एल्फांच्या अंगातील तांबे ही आपली सहज प्रकृती आहे असे त्यांना वाटत असले, तरी हाडामासाच्या माणसांत धातू शिरला तो याच सगळ्या घडामोडीत.

तेव्हा २००३ च्या संचात आपण ज्या रानावर जीव लावला ते बाधेपूर्वीचे रान नव्हतेच. ती बाधेची पहिली, सौम्य अवस्था होती, आणि २०१० मध्ये जे घडले ते त्याच रोगाचे उघड होणे होते. निर्मात्यांनी हे सात वर्षे आधी योजले होते की नंतर जुळवून घेतले, हा वेगळा प्रश्न. कथा आता जशी उभी आहे तशी ती शुद्ध मिरॉडिन शिल्लकच ठेवत नाही. ‘बिसीज्ड’च्या प्रीरिलीजमध्ये (विक्रीपूर्व स्पर्धांत) खेळाडूंना मिरन (मिरॉडिनवासी) किंवा फिरेक्सियन असा पक्ष निवडायला लावला होता, आणि तिसऱ्या संचाचे नाव ‘मिरॉडिन प्युअर’ असेल की ‘न्यू फिरेक्सिया’ हे मुद्दाम गुलदस्त्यात ठेवले होते. मला ‘मिरॉडिन प्युअर’ या नावातच खोच दिसते.

ताम्रपर्ण

‘जुना गडी’ यांनी सांगितलेला इतिहास बरोबर आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. एखाद्या गोष्टीचा उगम दूषित आहे म्हणून तिचे पुढचे आयुष्यही दूषित ठरते, असे मानले तर टँगलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या जन्मलेल्या एल्फांना काहीच आपले म्हणता येणार नाही. त्यांनी त्या तांब्यात वस्ती केली, ट्रोलांनी तेल-जिलादवर इतिहास कोरला, २००४ च्या ‘फिफ्थ डॉन’मध्ये जगाच्या गाभ्यातून हिरवा सूर्य वर आला आणि रानाला प्रथमच स्वतःचा सूर्य मिळाला. मेम्नार्कचा पाडाव झाल्यावर पकडून आणलेली जुनी पिढी नाहीशी झाली, पण तेथेच जन्मलेले मागे राहिले, कारण त्यांना परत जाण्यासाठी दुसरे घर नव्हते. माझ्या दृष्टीने रान तेव्हा खऱ्या अर्थाने त्यांचे झाले. बाधेची कसोटी धातू किती आहे ही नव्हे. रानातील प्रत्येक जीव आपापल्या परीने जगतो आहे की सगळे एकाच इच्छेला जुंपले आहेत, ही आहे.

आणि येथेच व्होरिन्क्लेक्सचा मुद्दा येतो, ज्याचा उल्लेख अजून कोणी कसा केला नाही याचे आश्चर्य वाटते. हिरव्या फिरेक्सियनांचा हा प्रीटर, म्हणजे म्होरक्या, शिकार आणि नैसर्गिक निवड यांवर श्रद्धा ठेवणारा आहे, म्हणजे वरवर पाहता अगदी रानाचाच तत्त्वज्ञ. त्याच्या ‘व्हॉइस ऑफ हंगर’ या कार्डाचा नियम मात्र पाहा. तुमचे लँड वापरले की ते दुप्पट माना देते, आणि प्रतिस्पर्ध्याने माना काढण्यासाठी वापरलेले लँड त्याच्या पुढच्या पाळीत उठतच नाही. एकाची जमीन फुगते, दुसऱ्याची आडवी पडून राहते. शिकाऱ्याने सावज मारले तरी रान टिकते. येथे रानच सावज आहे.

रानवाटा

तेल-जिलाद आणि ट्रोल यांचा विषय निघालाच आहे तर थ्रनबद्दल लिहितो. ‘मिरॉडिन बिसीज्ड’मध्ये तो ‘थ्रन, द लास्ट ट्रोल’ म्हणून येतो. म्हणजे इतिहास कोरणाऱ्या जमातीत तो एकटा उरला आहे. कार्ड म्हणून तो कमालीचा चिवट आहे. चार मानांचा, चार-चार ताकदीचा. तो खेळला जात असताना त्याला रद्द करता येत नाही, प्रतिस्पर्ध्याला त्याच्यावर नेम धरता येत नाही, आणि दोन माना दिले की तो रीजनरेट होतो. तलवारीचा घाव, आग, राक्षस, काहीही येवो, तो पुन्हा उभा राहतो.

इन्फेक्टपुढे मात्र हीच क्षमता निकामी होते. रीजनरेट होणे हे ‘नष्ट होण्या’वरचे उत्तर आहे. उणे एकचे काउंटर साचून क्रीचरची टफनेस शून्यावर आली, तर नियमांनुसार ते नष्ट होत नाही, सरळ ग्रेव्हयार्डमध्ये जाते, आणि तेथे रीजनरेशनला बोलावणेच जात नाही. जखम भरून येणे हा रानाचा जुना स्वभाव. आलेला शत्रू जखम करतच नाही, तो आहे ते कमी करत नेतो. इतक्या रुक्ष नियमातून एवढी नेमकी गोष्ट सांगितली गेलेली मी दुसऱ्या खेळात क्वचितच पाहिली आहे.

हिरवा डेक

‘ट्री ऑफ टेल्स’विषयी एक जोड. २००५ च्या मार्चमध्ये स्टँडर्ड स्वरूपातून (फक्त अलीकडचे संच चालणाऱ्या खेळप्रकारातून) आर्टिफॅक्ट लँडवर बंदी आली तेव्हा हे कार्डही त्यात गेले. अॅफिनिटी डेकनी, म्हणजे मैदानातील आर्टिफॅक्टांगणिक स्वस्त होणाऱ्या कार्डांच्या गड्ड्यांनी, त्या काळात उच्छाद मांडला होता. लँड स्वतःच आर्टिफॅक्ट असल्यामुळे मैदानात प्रत्येक लँड आले की बाकीची कार्डे आणखी स्वस्त होत. कथेत रानाची स्मृती जपणारा वृक्ष, आणि टेबलावर खेळाचा तोल घालवणाऱ्या टोळीतील एक. पुढे मॉडर्नमध्येही त्याला पहिल्यापासून मज्जाव आहे.

पत्तेवाली

मेलिराशिवाय हा धागा अपुरा राहील. ती सिल्व्होक, म्हणजे टँगलमधील मानव जमातीत जन्मली, आणि तिच्या शरीरात धातू अजिबात नाही, म्हणून तिला बहिष्कृत केले गेले. ज्या रानात सगळ्यांच्या अंगात तांबे आहे तेथे नुसते हाडामासाचे असणे हेच व्यंग ठरले. आणि नेमकी तिलाच तेलाची बाधा होत नाही. ‘मेलिरा, सिल्व्होक आउटकास्ट’ या दोन मानांच्या कार्डामुळे तुम्हाला विषाचे काउंटर मिळू शकत नाहीत, तुमच्या क्रीचरांवर उणे एकचे काउंटर बसत नाहीत, आणि प्रतिस्पर्ध्याची क्रीचरे इन्फेक्ट गमावतात.

‘जुना गडी’ आणि ‘ताम्रपर्ण’ यांच्या वादात ती कोणाची साक्षीदार, हे मला ठरवता येत नाही. धातू नसलेली तीच सुरक्षित राहिली, म्हणजे धातूतच दोष होता, असे एक जण म्हणेल. तिला रानानेच बाहेर काढले, म्हणजे रानाला स्वतःचा असा ठाम स्वभाव होता, असे दुसरा म्हणेल.

खेळाच्या टेबलावर तिचे जे झाले ते आणखी गमतीचे आहे. मॉडर्नमध्ये अनेक वर्षे गाजलेल्या डेकमध्ये ती ‘बर्थिंग पॉड’सोबत खेळली जात असे. हे पॉड म्हणजे एक क्रीचर बळी द्यायचे आणि त्याहून एका मानाने महाग असे दुसरे डेकमधून काढायचे, असे फिरेक्सियन यंत्र. मेलिरा उणे एकचे काउंटर बसू देत नसल्यामुळे ‘पर्सिस्ट’ असलेले, म्हणजे मेल्यावर उणे एकचा काउंटर घेऊन एकदा परत येणारे, क्रीचर पुन्हा पुन्हा बळी देता येई आणि ते पुन्हा पुन्हा परत येई. रानाची तारणहार आणि बाधेचे प्रसूतियंत्र एकाच डेकमध्ये खांद्याला खांदा लावून! २०१५ च्या जानेवारीत पॉडवर मॉडर्नमध्ये बंदी आली आणि ही जोडी तेथे फुटली.

नवशिका

सर्वांचे आभार. शेवटी त्या रानाचे काय होते? कोणी ते परत मिळवते का?

जुना गडी

नाही. ‘फिरेक्सिया: ऑल विल बी वन’ हा संच २०२३ च्या फेब्रुवारीत आला, त्यात हे जग नऊ थरांचे झालेले आहे आणि व्होरिन्क्लेक्सचा प्रदेश ‘हंटर मेझ’ या नावाने दिसतो. तेथे इन्फेक्टऐवजी ‘टॉक्सिक’ आहे, ज्यात साधी इजाही होते आणि ठरावीक विषही मिळते. नियम म्हणून तो अधिक समतोल आहे, पण माझ्या मते कथेच्या दृष्टीने फिका आहे. त्याचे कारण ‘ताम्रपर्ण’ यांच्या पहिल्याच परिच्छेदात आहे: तुलनेला निरोगी असे काही उरलेले नाही. सगळेच विषारी असलेल्या रानात बाधा हे नुसते हवामान होते.

त्यानंतर एप्रिलमध्ये आलेल्या ‘मार्च ऑफ द मशीन’च्या शेवटी ते सबंध जग आवाक्याबाहेर जाते आणि त्याच्या जागी झाल्फिर ही दुसऱ्या जगातून पूर्वी हरवलेली भूमी येते. वाचलेले मिरन तेथे वस्ती करतात. माणसे वाचली, तांब्याचे रान गेले.

ताम्रपर्ण

‘टॉक्सिक’विषयी सहमत. मात्र त्याच कथेत एक झाड आहे ज्याकडे ‘जुना गडी’ यांनी दुर्लक्ष केले आहे. व्होरिन्क्लेक्स २०२१ च्या ‘काल्डहाइम’मध्ये दिसतो तो त्या जगातील विश्ववृक्षाचा रस पळवण्यासाठी, आणि त्या रसातून फिरेक्सियन लोक ‘रिअल्मब्रेकर’ हे आक्रमणाचे झाड वाढवतात, ज्याच्या फांद्या दुसऱ्या जगांत घुसतात. जंगल गिळून झाल्यावर त्यांनी झाडाचेच हत्यार केले. मात्र रेन ही ड्रायाड (वनपरी) त्याच झाडाशी एकरूप होते आणि त्याच्याच फांद्यांच्या आधारे हरवलेले झाल्फिर शोधून काढते. ‘रेन अँड रिअल्मब्रेकर’ हे कार्ड पाहावे: निव्वळ हिरव्या आणि साध्या मानाचे, त्याच्या किमतीत फिरेक्सियन माना नाही, आणि त्याच्यामुळे तुमच्या लँडना कोणत्याही रंगाचा माना देता येतो. व्होरिन्क्लेक्सच्या कार्डाप्रमाणे हेही लँडविषयीच बोलते, पण प्रतिस्पर्ध्याच्या लँडला हात लावत नाही.